मोर्चापासून मतपत्रिकेपर्यंत: निवडणूक लढवू पाहणाऱ्या तृतीयपंथी कार्यकर्तीला सविस्तर उत्तर

प्रश्न असा आहे: तालुक्याच्या गावी काम करणारी तृतीयपंथी कार्यकर्ती. रेशनकार्ड, घरकुल, पोलिसांचा त्रास या विषयांवर काही वर्षं मोर्चे काढले, धरणे धरली. आता वस्तीतलेच लोक म्हणताहेत, ताई, निवडणुकीला उभ्या राहा. सुरुवात कुठल्या निवडणुकीपासून करावी, अर्ज कोणत्या जागेसाठी भरावा आणि आंदोलनातले गुन्हे आड येतील का?

थोडक्यात सांगायचं तर पहिली निवडणूक ग्रामपंचायतीची लढवा. कोणत्या जागेवरून लढायचं ते तुमचे कागद ठरवतील. आणि गुन्हे सहसा आड येत नाहीत, लपवलेले गुन्हे येतात. आपल्याकडे अशा उमेदवारीचा पहिला घात मतदानाच्या दिवशी होत नाही, तो छाननीच्या टेबलावर होतो. म्हणून या उत्तराचा बराचसा भाग त्या टेबलाविषयी आहे.

जळगाव तालुक्यातल्या भादली बुद्रुकचं प्रकरण प्रत्येकीने नीट वाचून ठेवावं. जानेवारी २०२१ च्या ग्रामपंचायत निवडणुकीत अंजली पाटील यांनी सर्वसाधारण स्त्री राखीव जागेवर अर्ज भरला. त्या वेळचा कार्यक्रम असा होता: ३० डिसेंबरपर्यंत अर्ज, ३१ डिसेंबरला छाननी, ४ जानेवारीला दुपारी तीनपर्यंत माघार आणि लगेच चिन्हवाटप, १५ ला मतदान, १८ ला मोजणी. छाननीत निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी अर्ज बाद केला. कारण दिलं की उमेदवार तृतीयपंथी आहे आणि जागा स्त्रियांची आहे. म्हणजे हातात उरले चार दिवस, त्यात नवीन वर्षाचा पहिला दिवस. २ जानेवारीला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात न्या. रवींद्र घुगे यांनी अर्ज स्वीकारण्याचा आदेश दिला आणि अंजलीताई निवडून आल्या.

हा आदेश कशावर उभा आहे ते महत्त्वाचं. २०१४ च्या नालसा निकालाने (तृतीयपंथीयांच्या हक्कांवरचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल) आणि २०१९ च्या तृतीयपंथी व्यक्ती हक्क संरक्षण कायद्याने स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला होता. न्यायालयाने त्याचा आधार घेतला, पण त्याचबरोबर एक गोष्ट नोंदवून ठेवली: अर्जदाराने स्त्री ही ओळख स्वीकारली आहे आणि पुढे सोयीप्रमाणे ती पुरुष या ओळखीकडे वळणार नाही. एकदा स्त्री राखीव जागेवर स्त्री म्हणून अर्ज भरलात की तो शब्द आयुष्यभराचा, असं धरूनच अर्ज भरा. याच्या उलट उदाहरण मध्य प्रदेशातल्या कटनीचं. तिथे तृतीयपंथी कमला जान महापौर म्हणून निवडून आल्या होत्या. पद स्त्री राखीव होतं, न्यायालयाने त्यांना पुरुष ठरवून निवड रद्द केली आणि २००३ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. लोकांनी निवडून दिलेलं पद कागदाने काढून घेतलं. मधल्या काळात कायदा बदलला, पण आक्षेप घेणाऱ्याची भाषा बदललेली नाही.

आता कागद. एकच नाव आणि एकच लिंगनोंद सगळीकडे हवी: मतदारयादी, आधार, पॅन, बँक पासबुक, जातीचा दाखला. बहुतेक जणींचं गाडं इथेच अडतं. शाळेच्या दाखल्यावर जन्मनाव आणि ‘पुरुष’, आधारवर नवं नाव, मतदारयादीत तिसरंच काहीतरी. क्रम असा ठेवा. आधी २०१९ च्या कायद्याखालचं ओळख प्रमाणपत्र. केंद्राच्या पोर्टलवर अर्ज करायचा, प्रमाणपत्र जिल्हाधिकारी देतात. कायद्याच्या कलम ६ खालच्या प्रमाणपत्रावर ‘तृतीयपंथी’ अशी नोंद होते. शस्त्रक्रियेनंतर स्त्री किंवा पुरुष अशी सुधारित नोंद हवी असेल तर कलम ७ चा वेगळा अर्ज. अटी आणि नमुने बदलत असतात, म्हणून भरण्याच्या आठवड्यात समाजकल्याण सहायक आयुक्तांच्या कार्यालयातून चालू नियम पाहून घ्या. मग शासन राजपत्रात नावबदल. त्यानंतर आधार आणि पॅन. मतदारयादी शेवटी, कारण तिथे बाकीचे कागद पुरावा म्हणून लागतात.

मतदारयादीत नव्याने नाव घालायला नमुना ६, नोंद दुरुस्त करायला नमुना ८. घर सुटलेल्या, डेऱ्यात (गुरू-चेल्यांच्या घरात) राहणाऱ्या मंडळींना वाटतं की वडिलांचं नाव लिहावंच लागेल आणि त्या भीतीने अर्जच करत नाहीत. नमुना ६ मध्ये नातेवाइकाच्या रकान्यात तृतीयपंथी मतदारासाठी गुरूचं नाव चालतं, हे बीएलओंनासुद्धा (मतदान केंद्राच्या यादीचं काम पाहणारे कर्मचारी) बरेचदा माहीत नसतं. छापील नमुना उघडून ती ओळ त्यांना बोट ठेवून दाखवा. मतदाराच्या अर्हतेच्या तारखा आता वर्षातून चार आहेत, जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरची पहिली तारीख. पण ग्रामपंचायतीसाठी राज्य निवडणूक आयोग विधानसभेची एका ठराविक दिवसाची यादी उचलतो आणि त्या दिवसानंतर आलेलं नाव त्या निवडणुकीला उपयोगी पडत नाही. कार्यक्रम जाहीर झाल्यावर धावपळ करून काही होत नाही.

जातीच्या राखीव जागेवर उभं राहायचं असेल तर काम आणखी आधी सुरू करा. जातीचा दाखला आणि पडताळणी जन्मनावाच्या शाळेच्या दाखल्यावरूनच होणार. त्यामुळे जुन्या नावापासून नव्या नावापर्यंतची साखळी अखंड पाहिजे: शाळेचा दाखला, ओळख प्रमाणपत्र, राजपत्र, नवं आधार. माहेरच्या माणसांशी बोलणं तुटलेलं असेल तर वडिलांच्या किंवा चुलत्यांच्या जातीच्या पुराव्यासाठी अडून बसावं लागतं. हा सगळ्यात दुखरा टप्पा आहे आणि त्यात महिने जातात. इतका वेळ नसेल तर खुल्या जागेवरून लढा. खुल्या जागेवर कोणत्याही लिंगाची, कोणत्याही जातीची व्यक्ती उभी राहू शकते आणि लिंगाचा आक्षेपच निघत नाही. माझं स्पष्ट मत: कागदात एक जरी विसंगती शिल्लक असेल तर पहिल्या खेपेला खुली जागाच बरी. स्त्री राखीव जागा हा तुमचा हक्क आहे, पण तो बजावायला वकील, प्रवासाचं भाडं आणि खंडपीठ गाठण्याची तयारी आधीपासून हवी.

ग्रामपंचायतीच्या बाकीच्या अटी साध्या दिसतात, पण माणसं त्यातच अडकतात. वय २१ पूर्ण. १ जानेवारी १९९५ ला किंवा त्यानंतरचा जन्म असेल तर सातवी पास. शौचालय वापराचा दाखला. ग्रामपंचायतीची पट्टी थकलेली नको. सप्टेंबर २००१ नंतर दोनपेक्षा जास्त अपत्यं नकोत. घर सोडण्याआधी लग्न झालेल्यांना ही अट लागू होते, मुलं आज कुठे राहतात याला महत्त्व नाही. अनामत मात्र परवडणारी, खुल्याला ५०० रुपये, राखीवला १०० रुपये. अर्ज ऑनलाइन भरून त्याची छापील प्रत सही करून द्यायची असते. शेवटच्या दिवशी सर्व्हर बसतो, हे गृहीत धरा आणि दोन दिवस आधी भरा.

एक अट वेगळी काढून सांगतो. सरकारी जमिनीवर अतिक्रमण केलेली व्यक्ती ग्रामपंचायत सदस्य होऊ शकत नाही, ग्रामपंचायत कायद्याच्या कलम १४ मध्ये हे स्पष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये जनाबाई प्रकरणात कुटुंबाने केलेल्या अतिक्रमणाचा फायदा घेत राहणाऱ्या सदस्यालाही अपात्र धरलं. तृतीयपंथी वस्त्या बहुतेक ठिकाणी गायरानावर किंवा नाल्याकाठी आहेत, कारण गावात भाड्याने घर कोणी देत नाही. मग आपण काय करतो? जागा नियमित करा म्हणून मोर्चा काढतो आणि निवेदनात लिहितो, ‘आम्ही खाली सह्या करणारे गेल्या वीस वर्षांपासून गायरान जमिनीवर राहत आहोत.’ त्याखाली पहिली सही कार्यकर्तीची. विरोधक माहिती अधिकारात तेच निवेदन काढून जिल्हाधिकाऱ्यांपुढे ठेवतो. आपल्याच हाताने दिलेला कबुलीजबाब. मागणी सोडू नका, ती न्याय्यच आहे. पण निवडणूक लढवणारीने त्या निवेदनावर रहिवासी म्हणून सही करू नये, संघटनेची पदाधिकारी म्हणून करावी, आणि स्वतःची राहण्याची जागा भाडेकरारावर किंवा मालकीच्या घरात आधीच हलवावी.

इथून आंदोलनाकडे येऊ. निवडणूक डोळ्यांपुढे ठेवून आंदोलन करायचं तर प्रत्येक मोर्च्याच्या शेवटी हातात एक कागद आला पाहिजे. आठ दिवस आधी पोलीस ठाण्याला पत्र द्या: विषय, मार्ग, सुरुवात आणि शेवटची वेळ, अंदाजे संख्या, ध्वनिक्षेपक हवा की नको, जबाबदार व्यक्तींची नावं. प्रत तहसीलदार आणि जिल्हाधिकारी कार्यालयात. प्रत्येक प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. ‘ठेवून जा’ म्हणाले तर शिक्का मिळेपर्यंत टेबलासमोरून हलू नका. जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ चा मनाई (जमावबंदी) आदेश आहे का ते आदल्या दिवशी पुन्हा विचारा. हे आदेश थोड्या थोड्या मुदतीचे असतात आणि एकामागून एक निघतात. आदेश असताना परवानगीशिवाय जमाव केला की कलम १३५ लागतं. मोर्चा पोहोचल्यावर चार-पाच जणींचं शिष्टमंडळ निवासी उपजिल्हाधिकाऱ्यांकडे जातं. तिथे ‘कार्यवाही करतो’ हे तोंडी उत्तर घेऊन उठायचं नाही. कोणत्या कार्यालयाला, किती दिवसांत, कोणते निर्देश, हे लेखी घ्या. एक महिन्याने त्याच पत्राच्या जावक क्रमांकावर माहिती अधिकाराचा अर्ज टाका.

मागण्यासुद्धा मोजून मापून निवडा. ‘तृतीयपंथीयांना न्याय द्या’ या मागणीवर कोणताही अधिकारी सही करील आणि काहीच होणार नाही. संजय गांधी निराधार योजनेत तृतीयपंथी लाभार्थी बसतात, महिना १,५०० रुपये, निर्णय तालुक्याच्या समितीत होतो. अमुक गावातल्या अमुक अकरा अर्जांवर पुढच्या बैठकीत निर्णय घ्या, ही मागणी पुरी होऊ शकते आणि पुरी झाली की गावात दिसते. राज्यपातळीवर आर्या पुजारी या तृतीयपंथी उमेदवार आणि सहकाऱ्यांनी पोलीस भरतीच्या बाबतीत हेच केलं. अर्जात तृतीयपंथीयांचा रकाना नाही, शारीरिक चाचणीचे निकष नाहीत, एवढ्या दोन नेमक्या गोष्टी घेऊन त्या महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात गेल्या. सरकार विरोधात उच्च न्यायालयात गेलं आणि डिसेंबर २०२२ मध्ये तिथेही सरकारला रकाना आणि नियम दोन्ही मान्य करावे लागले.

गुन्ह्यांची यादी काढताना फसगत कुठे होते? नावात. मोर्च्यातल्या एफआयआरमध्ये पोलीस आधारवरचं नाव, गुरूने दिलेलं नाव किंवा कोणीतरी गर्दीतून सांगितलेलं जन्मनाव लिहितात, लिंगाच्या रकान्यात ‘पुरुष’ टाकतात. वर्षं लोटतात, समन्स जुन्या पत्त्यावर जातं, तुम्हाला त्याची खबर नसते. अर्ज भरण्याआधी ई-कोर्टच्या संकेतस्थळावर सगळ्या नावांनी शोधा आणि जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे सगळी नावं देऊन लेखी माहिती मागा. विरोधकाकडे तुमच्या आधी ही माहिती असते. अर्जासोबतच्या प्रतिज्ञापत्रात प्रत्येक प्रलंबित गुन्हा लिहायचा, ‘ऊर्फ’ लावून दोन्ही नावांसह. विधानसभा-लोकसभेला असे गुन्हे तीन वेळा वर्तमानपत्रात आणि वाहिनीवर जाहीर करावे लागतात, तो खर्च आधीच हिशेबात धरा.

प्रलंबित गुन्ह्याने कोणी विधानसभेला अपात्र होत नाही. दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली तर होते. म्हणून जमावबंदी मोडल्याच्या गुन्ह्यापेक्षा सरकारी कर्मचाऱ्याला कामात अडथळा केल्याचा गुन्हा गंभीर समजा. १ जुलै २०२४ च्या आधीच्या घटनांना तो जुन्या भारतीय दंड संहितेच्या ३५३ कलमाखाली आहे आणि महाराष्ट्रात त्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. निवेदन देताना टेबलावर हात आपटला, कागद हिसकावला, एवढ्यावर हे कलम लागतं. शिष्टमंडळातल्या एकीने पूर्ण वेळ मोबाइलवर चित्रीकरण करावं, तेच पुढे बचावाला येतं. लोकअदालतीत ‘गुन्हा कबूल करा, दंड भरा, विषय संपवा’ असा सल्ला मिळतो. विषय तिथे संपत नाही, ती दोषसिद्धी होते आणि प्रतिज्ञापत्रात तिचा वेगळा रकाना आहे. त्यापेक्षा राजकीय आणि सामाजिक आंदोलनातले खटले मागे घेण्याचे शासन निर्णय अधूनमधून निघतात, त्यांची वाट धरा. जीवितहानी नसणं आणि मालमत्तेचं नुकसान पाच लाखांपेक्षा जास्त नसणं या त्यातल्या नेहमीच्या अटी. त्या निर्णयाखालच्या समितीने शिफारस केली तरी अर्ज सरकारी वकिलाने न्यायालयात करायचा असतो आणि न्यायालयाने संमती द्यावी लागते. शासन निर्णय निघाला म्हणजे खटला गेला, असं समजू नका.

छाननीच्या दिवशी स्वतः हजर राहा. विधानसभेला उमेदवार, निवडणूक प्रतिनिधी, एक सूचक (अर्जावर उमेदवाराचं नाव सुचवून सही करणारा मतदार) आणि लेखी अधिकार दिलेली आणखी एक व्यक्ती आत बसू शकते. ती चौथी व्यक्ती वकील असू द्या. सोबत नालसा निकालाची आणि अंजली पाटील यांच्या आदेशाची प्रत, ओळख प्रमाणपत्र, राजपत्र. आक्षेप आला तर तोंडी वाद घालण्यापेक्षा दोन परिच्छेदांचं लेखी उत्तर द्या आणि पोच घ्या. अर्ज बाद झालाच तर कारणांसह आदेशाची प्रमाणित प्रत त्याच टेबलावर मागा, ती नसेल तर पुढे काहीच हलत नाही. नगरपरिषदेत जिल्हा न्यायालयात अपील आहे, त्याची मुदत मोजक्या दिवसांची. ग्रामपंचायतीत तसं अपील नाही. राज्यघटनेचा अनुच्छेद २४३-ओ निवडणूक चालू असताना न्यायालयांना हात आखडता घ्यायला लावतो, भादलीचा आदेश हा त्यातला अपवाद आहे. विधानसभेला तर निकालानंतर ४५ दिवसांत निवडणूक याचिका, एवढाच रस्ता.

मतं कुठून येणार, याबद्दल भ्रम नको. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ‘इतर’ या रकान्यात ४०,८९१ व्यक्ती होत्या. २०२४ च्या विधानसभेला तृतीयपंथी मतदार म्हणून नोंद होती सहा हजारांच्या आसपास, तीही सगळ्या राज्यात मिळून. समाजाच्या मतांवर वॉर्डसुद्धा निघत नाही. माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळला २०१७ मध्ये तृतीयपंथी ज्ञानेश्वर कांबळे, गावाच्या तोंडचे माऊली, थेट जनतेतून सरपंच झाले ते गावाच्या मतांवर. छत्तीसगडच्या रायगडमध्ये २०१५ साली तृतीयपंथी मधू किन्नर अपक्ष लढून साडेचार हजारांहून जास्त मतांनी महापौर झाल्या, त्या शहराच्या मतांवर. वॉर्डातली नळाची वेळ, गटार, स्मशानभूमीचा रस्ता, रेशन दुकानाचं माप, हे तुमच्या तोंडी असलं पाहिजे. मंगतीला दारोदार जाणारीला कोणत्या घरात कोण आजारी आहे आणि कुठे नळाला पाणी येत नाही हे पुढाऱ्यांपेक्षा जास्त माहीत असतं. ती माहिती घरनिहाय वहीत उतरवा: घर, मतदार किती, अडचण काय, कोणाच्या शब्दाला मान. काही शे मतदारांच्या वॉर्डात अशी वही एका कार्यकर्तीला जमते. विधानसभेला तीनशेच्या वर मतदान केंद्रं असतात, प्रत्येक केंद्रावर प्रतिनिधी बसवणं एकट्या अपक्षाला शक्य नाही.

म्हणून विधानसभा लढायची तर पक्ष बघा. वंचित बहुजन आघाडीने दिशा पिंकी शेख या तृतीयपंथी कार्यकर्तीला राज्य प्रवक्ता केलं आणि २०२४ मध्ये शमिभा पाटील या तृतीयपंथी कार्यकर्तीला रावेरमधून उमेदवारी दिली. ही उमेदवारी वर्षानुवर्षांच्या चळवळीच्या कामातून आली होती. अपक्ष म्हणून लढलात तर मतदारसंघातलेच दहा सूचक लागतात आणि त्यांच्या यादीभाग क्रमांकात एक आकडा चुकला तरी अडचण येते. चार संचांपर्यंत अर्ज भरता येतात, निदान दोन भरा, दोन्हीत वेगळे सूचक घ्या. अनामत १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातीला निम्मी. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं मिळाली नाहीत तर जप्त. खर्चासाठी वेगळं बँक खातं अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी. प्रतिज्ञापत्रात एकही रकाना कोरा नको, जिथे काही नाही तिथे ‘निरंक’ लिहा. व्यवसायाच्या रकान्यात मंगती, बधाई (लग्न-बारशाला जाऊन मिळणारे पैसे), जे आहे ते लिहा. अर्ज दिल्यावर छाननीच्या आदल्या दिवसापर्यंत शपथ घ्यायची असते. ती राहून गेल्यामुळे अपक्षांचे अर्ज बाद होतात आणि त्यावर काही उपाय उरत नाही. लोक तुम्हाला ज्या नावाने हाक मारतात ते मतपत्रिकेवर यावं म्हणून लेखी विनंतीही त्याच वेळी द्या.

प्रचारात नक्कल होते, टाळ्या वाजवून टिंगल होते, जन्मनावाने भोंग्यावरून पुकारा होतो. त्याच सभेत उत्तर द्यायला जाऊ नका. चित्रफीत, तारीख, जागा, बोलणाऱ्याचं नाव लिहून निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांकडे आचारसंहितेची तक्रार आणि पोलिसांकडे २०१९ च्या कायद्याच्या कलम १८ खाली तक्रार द्या. त्यात सहा महिने ते दोन वर्षं शिक्षा आहे. डेऱ्यातली परवानगीही आधी घ्या. गुरूला न सांगता उभं राहिलं की जमातीचा दंड आणि दुसऱ्या घराण्याचा विरोध दोन्ही ऐन प्रचारात अंगावर येतात. चेल्यांच्या मंगतीचे दिवस प्रचारात जाणार आहेत, ते नुकसान कोण भरणार हे पंचांसमोर ठरवून घ्या.

निकाल काहीही लागो, खर्चाचा हिशेब ३० दिवसांत द्या, प्रत्येक पानावर सही करून, शून्य खर्च असला तरी. हरलेल्या उमेदवार हे हमखास विसरतात. ग्रामपंचायतीला त्याबद्दल पाच वर्षांची अपात्रता येते, विधानसभेला तीन वर्षांची, आणि नोटीस बहुधा अर्जावरच्या जुन्या पत्त्यावर गेलेली असते. डेरा बदललात तर नवा पत्ता तहसील कार्यालयाला लेखी कळवा, पोच घेऊन.